सहा उशांचे अभ्रे आणि तासांचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. आमचे आठ यंत्रमाग आहेत, खर्चीवर, म्हणजे दुसऱ्यांचं कापड मजुरीनं विणून देत, चालवतो. गेली दोन वर्षं ती घरच्या कापडाच्या तुकड्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करते आणि त्यावर हातानं भरतकाम करते. टाके तिला माझ्या सासूबाईंनी शिकवले, त्या वाकळा शिवतात. मागच्या दिवाळीत तिनं उशांचे सहा अभ्रे साडेतीनशेला एक असे विकले. एक भरायला दोन संध्याकाळी लागल्या. तिला 'टेक्स्टाईल आर्टिस्ट' व्हायचंय. तिचे वडील म्हणतात, गावातच टेक्स्टाईल इंजिनिअरिंग आहे ते कर, भरतकाम छंद म्हणून राहू दे. यात पोट भरतं का? फोटो सोबत पाठवले आहेत.
— एक आई, इचलकरंजी

ताई, तुमचे फोटो मी पत्राच्या आधी उघडले. मागात आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याची आकृती ओळीनं छापली आहे, एक सुलटा, एक उलटा, आणि प्रत्येक धोट्यातून निघणारा दोरा मात्र सुईनं घातलेला, खरा. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिच्या वडिलांचं म्हणणं. डीकेटीईसारखं कॉलेज गावात असताना ते डोळ्यांसमोर येणारच, आणि तिथलं शिक्षण चांगलंच आहे. पण टेक्स्टाईल इंजिनिअरिंगमध्ये सूत कसं बनतं, माग कसा चालतो, कापडावर प्रक्रिया कशी होते, दर्जा कसा राखायचा हे शिकवतात. टेक्स्टाईल डिझाइनमध्ये रंग, आकृती, विणीचा पोत, छपाईचं रिपीट (एकच आकृती पुन्हा पुन्हा कशी जुळवायची ते) शिकवतात. नावं जवळची असल्यानं घरोघरी गल्लत होते. एकाला दुसरं समजून प्रवेश घेतलेली मुलं माझ्याकडे तिसऱ्या वर्षी येतात तेव्हा फार वाईट वाटतं. तुमच्या लेकीला यंत्राची ओढ असती तर मी बेधडक गावातच राहा म्हटलं असतं. तुमच्या पत्रात आणि फोटोंत मला ती दिसली नाही.

आता पोटाचा प्रश्न. दोन संध्याकाळी म्हणजे सहा तास धरू. कापड, रंग, दोरा, चेन यांचे सव्वाशे रुपये वजा केले तर एका अभ्र्यामागे सव्वादोनशे उरतात. तासाला साडेसदतीस रुपये. स्क्रीन बनवण्याचा खर्च मी यात धरलेलाच नाही. तुम्ही कामगारांचा पगार करता, तेव्हा हा आकडा काय सांगतो ते मी वेगळं सांगायला नको.

पण यावरून काम टाकाऊ ठरत नाही. तिनं दोन वेगळ्या गतींची कामं एकाच किमतीत विकली, एवढंच झालं. स्क्रीन एकदा तयार केली की पहिला आणि शंभरावा ठसा उमटायला सारखीच दोन-चार मिनिटं लागतात, आणि स्क्रीनचा खर्च शंभर नगांत वाटला जातो. भरतकामात तसं काहीच वाटलं जात नाही, शंभराव्या अभ्र्यालाही पहिल्याइतकेच टाके घालावे लागतात. तेव्हा विकायच्या अभ्र्यांवर आकृतीचा सगळा भार छपाईनं उचलावा आणि सुई एकाच ठिकाणी लागावी. समजा, ओळीतल्या एकाच धोट्याचा दोरा भरला, बाकीचे छापले. छपाई धरून पन्नास मिनिटांत नग होईल आणि तेच सव्वादोनशे रुपये तासाला पावणेतीनशेच्या घरात जातील. मला तर तो एकटा भरलेला दोरा आत्ताच्या सहा-सात दोऱ्यांपेक्षा जास्त उठून दिसेल असं वाटतं.

याच्या जोडीला वर्षातून दोन-तीन कापडं अशी करावीत की ज्यांत तिनं वेळेचा अजिबात विचार करू नये. महिना लागला तर लागू दे. ती भिंतीवर लावायची कापडं, त्यांची किंमत तासांवरून ठरवायची, आणि ती घेणारा माणूसही वेगळा असतो. दिवाळीच्या स्टॉलवर ती ठेवूच नका. तिथं साडेतीनशेच्या ढिगाशेजारी कोणीही त्यांचे चार हजार देणार नाही.

छपाई आणि सुई यांची जोडी तशी जुनी आहे. लखनौच्या चिकनकारीत बुट्टे आधी लाकडी ठशांनी कच्च्या निळ्या रंगात छापतात, त्यावर भरतात आणि शेवटी धुऊन तो रंग घालवतात. तिथं छपाई सुईला वाट दाखवते आणि निघून जाते. तुमच्या लेकीच्या कापडावर ती मागे राहते. हा फरक तिनं ओळखावा आणि त्यावर जाणूनबुजून काम करावं, कारण 'तुझं वेगळं काय' असं मुलाखतीत विचारलं जातं.

वडिलांची भीती मला कळते. त्यांना प्रभाकर बरवे यांच्याबद्दल सांगा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे मोठे मराठी चित्रकार १९६१ पासून कितीतरी वर्षं सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी वाराणसीला आणि मग मुंबईत. पुपुल जयकर यांच्या पुढाकारातून १९५६ मध्ये ही केंद्रं सुरू झाली आणि चित्रकारांना विणकरांसोबत कामाला बसवलं गेलं. चित्र आणि पगार दोन्ही चालू राहिलं. आजचं उदाहरण हवं असेल तर मुंबईची चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट. २०१६ पासून ती स्त्रियांना हाताचं भरतकाम शिकवते. २०२२ च्या जानेवारीत पॅरिसला दिओर या फॅशन कंपनीच्या शोसाठी माधवी आणि मनू पारेख यांच्या चित्रांवरून भिंतभर भरतकामं करण्यात आली, ती याच चाणक्यकडून.

तरी स्पष्ट सांगते, शिक्षण संपल्यावर पहिली तीन-चार वर्षं तिनं नोकरीच करावी. साड्यांची किंवा पडदे-चादरींची डिझाइन करणारे स्टुडिओ, निर्यातदारांचे डिझाइन विभाग इथं कामं असतात. जयपूरजवळच्या सांगानेरला लांबच लांब टेबलांवर हातानं स्क्रीन प्रिंटिंग चालतं, तिथं एक उन्हाळा काढला तरी हात तयार होईल. स्वतःच्या कलाकृतींवरच घर चालवणं सुरुवातीला जमत नाही. पैसे येतात तेव्हा येतात, मधले महिने कोरडे जातात.

शिक्षणासाठी माझी पहिली पसंती अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन), मग निफ्टचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) टेक्स्टाईल डिझाइनचा अभ्यासक्रम (तो खारघरच्या मुंबई केंद्रातही आहे), आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला वस्त्रकलेचा विभाग. तिन्हीकडे चार वर्षं. एनआयडी आणि निफ्टला बारावीची कुठलीही शाखा चालते, तेव्हा सायन्स घेतलं म्हणून काही बिघडलेलं नाही. दोन्हींचे फॉर्म बोर्डाच्या परीक्षेआधीच निघतात, गणपतीपासूनच त्यांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवा. चार वर्षांचा खर्च लाखांत जातो, तेव्हा शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांची चौकशी आत्ताच सुरू करा.

एक गोष्ट मात्र आजच बघा. स्क्रीनवर आकृती उमटवण्यासाठी जो लेप देतात त्यात ती नारिंगी खडे विरघळवून घालते का? ते बायक्रोमेट असेल तर ते विषारी आहे, त्यानं कॅन्सरचाही धोका असतो. स्वयंपाकाची भांडी, मोरी, उघडे हात यांच्या जवळही ते नको. त्याऐवजी डायझो प्रकारचं इमल्शन (तसाच लेप) मिळतं, ते वापरायला सांगा, हातमोजे घालून. उरलेला रंगही गटारात ओतू नये. साड्यांच्या छपाईसाठी नावाजलेल्या गुजरातमधल्या जेतपूरला रंगाच्या सांडपाण्यानं भादर नदीचं काय झालं हे तिनं जरूर वाचावं.

आणखी एक. तिसऱ्या फोटोत रंग चिरल्यासारखा दिसतो. मला शंका आहे की कापडातली सायझिंगची खळ (विणण्याआधी सुताला लावतात ती) नीट निघालेली नाही. खळ राहिली की रंग सुतात मुरत नाही, वरवर बसतो आणि धुतल्यावर उडतो. छापण्याआधी कापड चांगलं उकळून धुवायला हवं, आणि छपाई वाळल्यावर गरम इस्त्रीनं रंग पक्का करायला हवा.

आता तिनं एक वही घालावी. प्रत्येक कापडाचा तुकडा, त्यावरचा रंग, किती तास लागले, काय बिघडलं, सगळं त्यात चिकटवून लिहायचं. मुलाखतीला मला सुंदर फायलींपेक्षा अशा मळक्या वह्या जास्त उपयोगी पडलेल्या दिसल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन तिला माझ्याकडे आणा. सासूबाईंची एखादी जुनी वाकळ सोबत असू द्या, कडेकडेनं फिरत आत येणारा तो धावदोरा मला तिच्या कामाशेजारी ठेवून बघायचाय. आणि तिच्या वडिलांनाही घेऊन या. वहीतल्या प्रत्येक तुकड्याशेजारी कापडाचा काउंट (सुताची जाडी) आणि रीड-पिक (इंचातले उभे-आडवे धागे) लिहिलेलं असायला हवं, ते तिला त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही.