फोटो एचडी, तरी एआयच्या उत्तरात आमची चादर का नाही?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. वेबसाइटवर भरपूर फोटो आहेत, पण चॅटजीपीटी किंवा गूगलच्या एआय उत्तरांत आमचा माल दिसत नाही. फोटो आणखी एचडी करावेत का?

उत्तर : नको. आधी फोटो बॉटपर्यंत, म्हणजे वेबसाइट वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, पोचतात का ते बघा. संगणकावर मालाचं पान उघडा, राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ घ्या आणि त्यात फोटोच्या फाइलचं नाव शोधा. सापडलं नाही, तर फोटो बहुधा जावास्क्रिप्टने, म्हणजे पान उघडल्यावर चालणाऱ्या कोडने, नंतर येतोय. गूगल जावास्क्रिप्ट चालवून पान वाचतं, एआयचे बरेच बॉट चालवत नाहीत. सीएसएसमध्ये (पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये) बॅकग्राउंड म्हणून लावलेला फोटो तर गूगलही घेत नाही. तो साध्या आयएमजी टॅगमध्येच (पानाच्या कोडमधल्या फोटोच्या खुणेत) हवा. मग रोबोट्स.टीएक्सटी, म्हणजे कुठल्या बॉटने काय वाचावं हे सांगणारी वेबसाइटवरची फाइल, तपासा. चॅटजीपीटीच्या शोधासाठी ‘ओएआय-सर्चबॉट’ येतो, तो तिथे किंवा होस्टिंगच्या फायरवॉलमध्ये अडवलेला नसावा.

खरी गोम पुढे आहे. माप, वजन, दर हे सगळं फोटोवरच छापायची आपल्याकडे सवय आहे. ते फोटोखाली मजकुरात लिहा, कारण उत्तर जुळवताना यंत्राचा भर मजकुरावरच असतो. ऑल्ट टेक्स्ट (कोडमध्ये फोटोला जोडलेलं वर्णन) असा हवा : ‘लाल-काळी जॅकार्ड सोलापुरी चादर, मोराची नक्षी, ६० बाय ९० इंच’. ‘सोलापुरी चादर होलसेल स्वस्त चादर’ अशी भरताड गूगल स्पॅम समजू शकतं. फाइलचं नावही ‘आयएमजी_२०४७’ नको. रंग, प्रकार, वस्तू असे शब्द हायफनने जोडा.

मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो १६०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फाइल प्रकारात, क्वालिटी ७५ ते ८० ठेवून सेव्ह करा. टेरी टॉवेलचा क्लोजअप मात्र ८५वर ठेवा. त्याहून दाबला की सुताचे फासे एकमेकांत मिसळतात आणि टॉवेल सपाट कापडासारखा दिसतो. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, म्हणून मूळ फाइलच मागवा. पानावरच्या पहिल्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (स्क्रोल केल्यावरच फोटो आणणं) लावू नका, पान उशिरा दिसतं.

शेवटी प्रॉडक्ट स्कीमात, म्हणजे यंत्रासाठी कोडमध्ये लिहायच्या मालाच्या माहितीत, नाव, फोटोचा पत्ता आणि दर भरा. पानावर एक दर आणि स्कीमात दुसरा, असं होता कामा नये. गूगलच्या एआय उत्तरांसाठी वेगळं स्कीमा लागत नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.