केळीतील सोंड्या भुंगा आणि कामगंध सापळे

प्रश्न : खोडव्याच्या (आधीच्या पिकाच्या फुटव्यांपासून घेतलेल्या) बागेत कंद पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यासाठी कामगंध सापळे झाडांना टांगले, पण महिनाभरात एकही भुंगा सापडला नाही. बाग निर्धोक समजावी का? (एक वाचक, रावेर तालुका)

उत्तर : तसे मुळीच समजू नये. हा भुंगा क्वचितच उडतो. तो रात्री जमिनीवरून चालत फिरतो, त्यामुळे टांगलेल्या सापळ्यापर्यंत बहुधा पोहोचतच नाही. बादलीसारखा सापळा जमिनीत असा पुरावा, की त्याचा काठ मातीच्या पातळीशी समतल राहील, कारण काठ वर राहिला तर भुंगे आत न पडता वळसा घालून निघून जाऊ शकतात. तळाशी साबणाचे पाणी ठेवावे, त्यावर ल्यूर (भुंग्यांना ओढणाऱ्या गंधाची कुपी) टांगावा आणि पडलेले भुंगे दर आठवड्याला मोजून वहीत नोंदवावेत. ल्यूरमधील गंध नर भुंगा सोडतो तसाच असतो आणि त्याकडे नर आणि मादी दोघेही येतात, ही आपल्या फायद्याची बाब आहे.

मात्र सापळ्यातील आकडा केवळ वावर दाखवतो. खरे नुकसान कंदातील अळी करते. म्हणून घड काढलेल्या झाडाचा कंद आडवा कापून आत काळपट बोगदे आहेत का, हे अवश्य पाहावे. खोड पोखरणारा भुंगा वेगळा आहे. त्याच्यासाठी या ल्यूरवर विसंबू नये, उभ्या चिरलेल्या खोडाचे तुकडे बागेत ठेवून पाहावेत.