अभ्यासिकेतला दादा

प्रश्न : मी 36 वर्षांचा असून सांगलीत विश्रामबाग परिसरात स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवतो. जत, आटपाडीकडच्या काही मुली येथे खोली घेऊन राहतात आणि मला दादा म्हणतात. मला सख्खी बहीण नाही. त्यामुळे रात्री अभ्यासिका बंद झाली की त्यांना खोलीपर्यंत मीच सोडतो, कोणी आजारी पडली तर घरचा डबा पोचवतो. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यातील 22 वर्षांची एक मुलगी एका मुलाबरोबर चहाच्या गाड्यावर वरचेवर दिसू लागली. मी त्या मुलाला दम दिला आणि तिच्या वडिलांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी ते तिला सामानासह घेऊन गेले. आता बाकीच्या मुली मला पाहताच बोलणे थांबवतात. माझे काय चुकले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रात्रीची सोबत आणि आजारपणातला डबा यांत गैर काहीच नाही, फक्त एखादी ‘आज नको’ म्हणाली, तर तेही ऐकत जा. मला खटकले ते निराळेच. तुम्ही मुलाशी बोललात, वडिलांशी बोललात, पण तिला काही विचारल्याचा तुमच्या पत्रात एका ओळीचाही उल्लेख नाही. ‘हा तुला त्रास देतो का?’ एवढे विचारायला तो चहा संपेपर्यंतचा वेळ पुरला असता. आपल्या भाषेत मोठ्या भावालाही दादा म्हणतात आणि चौकात दम देणाऱ्यालाही; त्या दिवशी तुम्ही यांपैकी कोण होता, हे मुलींनी आपल्यापुरते ठरवलेले दिसते.

तुम्ही सांगलीकर आहात. आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर आली की इशारा दिला जातो, 45 फुटांवर धोका मानला जातो, आणि पावसाळ्यात घराघरांतून ‘किती फूट?’ हीच चौकशी चालते. गाड्यावरचा चहा ही इशारा पातळीसुद्धा नव्हे. तुम्ही मात्र थेट तिचे बिऱ्हाडच हलवलेत. तिचा कोणी पाठलाग करत असता, फोटो दाखवून धमकावत असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हाही आधी तिच्याशी बोलून, तिची तयारी असेल तर पोलिसांच्या निर्भया पथकाकडे सोबत जायचे असते. जिवावरचाच प्रसंग आला, तर कोणालाही न विचारता 112 ला फोन लावायचा.

आणखी एक विचारतो. त्या मुलाच्या वडिलांना तुम्ही फोन केला नाहीत, तो का? कारण त्याला घरी नेले जाणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक होते. मुलीच्या घरी मात्र असा फोन ‘लक्ष ठेवा’ एवढ्यावर थांबत नाही. पुस्तके माळ्यावर जातात आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. कायद्याने सज्ञान असलेल्या मुलीने घरातून झगडून मिळवलेली वर्षे अशा एका फोनने संपू शकतात.

आता तिची क्षमा मागा, पण ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द त्यात नकोत. वडिलांशी पुन्हा बोलायचे की नाही, हे तिला ठरवू द्या. ती हो म्हणाली, तर आपण केवळ दोघांना चहा पिताना पाहिले, त्यापलीकडे काहीही पाहिले नाही, हे त्यांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगा. पालकांचा नंबर आजारपण किंवा अपघात यांखेरीज वापरणार नाही, हे बाकीच्या मुलींना एकदा समोर बसवून सांगा. आणि तिचे टेबल अजून दुसऱ्या कोणाला दिले नसेल, तर परीक्षेपर्यंत ते तिच्या नावावर ठेवून तसे तिला कळवा.