पित्तनलिकेतला खडा : सोनोग्राफीत दिसला नाही, म्हणजे नाहीच का?

प्रश्न : आईच्या (वय 62) पोटात उजवीकडे दुखून उलट्या झाल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि सूज निघाली. रिपोर्टात 'पित्तनलिका 8 मि.मी., खालचा भाग गॅसमुळे दिसला नाही' असं लिहिलंय. बिलिरुबिन (रक्तातलं पित्ताचं पिवळं रंगद्रव्य) 1.7 आहे. नळीत खडा दिसलेला नसताना डॉक्टर ऑपरेशनआधी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) करायला सांगतात. ती लागतेच का? की सरळ ईआरसीपीच (तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढणं) करून घ्यावी?

उत्तर : रिपोर्टातलं वाक्य जसंच्या तसं कळवलंत, ते बरं केलंत, बरेच जण नुसती शेवटची ठळक ओळ वाचतात. तुमचं उत्तर त्या 'गॅसमुळे'मध्येच आहे. नळीचं खालचं टोक लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागामागे दडलेलं असतं आणि आतड्यातला वायू सोनोग्राफीच्या लहरी अडवतो. पित्ताशयातून निसटलेला खडा बऱ्याचदा तिथेच अडकतो.

नळी साधारण 6 मि.मी.पर्यंत रुंद असते, उतारवयात थोडी रुंदावते. बिलिरुबिन तर पित्ताशयाच्या नुसत्या सुजेनेही एवढं चढतं. म्हणजे शंका रास्त, पण पुरावा नाही. अमेरिकेतल्या एंडोस्कोपीतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019च्या निकषांतही असे रुग्ण नळीत खडा असण्याच्या मध्यम शक्यतेच्या गटात येतात. खडा स्पष्ट दिसला असता, बिलिरुबिन 4च्या वर जाऊन नळीही फुगलेली असती किंवा नळीत जंतुसंसर्ग झाला असता, तर मीही थेट ईआरसीपीच सांगितली असती.

नुसत्या शंकेपोटी मात्र ती नको. ईआरसीपीनंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा भारी पडू शकतं. एमआरसीपीत ना दुर्बीण, ना क्ष-किरण. फक्त पेसमेकर असेल तर आधी सांगा. 5 मि.मी.हून बारीक खडा तिच्यातूनही सुटू शकतो. तरीही शंका उरली तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात. तिची दुर्बीण आतड्यातूनच नळी पाहते, त्यामुळे गॅसची अडचण राहत नाही.

दरम्यान बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) पुन्हा तपासून घ्या. आकडे चढत गेले तर शंका बळावते. उतरले तर खडा आपणहून आतड्यात पडून गेलेला असू शकतो. खडा सापडलाच, तर आधी तो ईआरसीपीने काढून पित्ताशयाचं ऑपरेशन शक्यतो त्याच भरतीत उरकावं. आणि हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा आई असंबद्ध बोलू लागली, तर एमआरसीपीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.