एमबीएला तीन वर्षांनी जायचंय, तर आत्तापासून काय करू?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की वय २३, मूळ गाव कणकवली, पुण्यात आयटीत एक वर्ष झालंय. तीन वर्षांनी चांगल्या बी-स्कूलला अर्ज करायचाय. आत्तापासून सर्टिफिकेट कोर्स करावेत की शनिवार-रविवार एनजीओत जावं? आणि शेवटी, "गावाकडचं काही लिहिलं तर अर्ज हलका पडेल का?"

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. वयाने लहान आहेस, म्हणून तू म्हणते.

नाही पडत हलका. माझा अख्खा अर्ज वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यावर उभा होता.

मीही पुण्यातच होते. चौदा महिने सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, तीन ऑनलाइन सर्टिफिकेटं मिळवली, चार रविवार एका संस्थेत मुलांना शिकवलं आणि त्या जोरावर पहिला अर्ज ठोकला. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "यातली तुम्ही स्वतः ठरवलेली एक गोष्ट सांगा." मी टीमने काय केलं ते सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. "टीमने नाही, तुम्ही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकार आला, आणि तो योग्यच होता.

त्याच सुमारास बाबांच्या ओळखीच्या एका कारखानदाराला हिशेब आणि माल दोन्हींवर लक्ष ठेवणारं माणूस हवं होतं. पगार १४ हजार. मी हो म्हटलं. गणपतीला डोंबिवलीहून काका आले, तेव्हा सगळ्या घरासमोर म्हणाले, "पुण्याची नोकरी सोडून काजी फोडूक इलंस? आता तुका कोण घेतलो?" आरती राहिली बाजूला आणि दोन तास तोच विषय. काकांचं म्हणणं, मोठ्या कंपनीचं नाव असल्याशिवाय कुठलं कॉलेज उभं करत नाही. माझं म्हणणं तेव्हा मला नीट मांडता आलं नव्हतं, म्हणून आज मांडते.

काजू बी आधी वाफवतात, मग निवत ठेवतात. दुसऱ्या दिवशी बायका पायाच्या कटरवर एकेक बी धरून फोडतात. टरफलाच्या तेलाने कातडी जळते म्हणून हाताला खोबरेल चोळून बसतात, तरी बोटांची टोकं काळी ती काळीच. आतला गर सुकवायचा, साल काढायची, मग प्रतवारी. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३२० अख्खे गर. डब्ल्यू २४० त्याहून मोठा आणि महाग. तुटला की तुकडा, आणि आमच्याकडे अख्ख्या गरात आणि तुकड्यात किलोमागे दीडशे रुपयांचा फरक पडायचा. बायकांना मजुरी किलोवर, आणि तुकडा ठरावीक प्रमाणाबाहेर गेला की त्यातून कापून घ्यायचे.

कारखान्यात १६ टेबलं होती. कुठल्या टेबलावर किती तुकडा पडतो हे कुणी लिहून ठेवत नव्हतं, संध्याकाळी सगळं एकत्र वजन व्हायचं. मी एक शंभर पानी वही घेतली आणि रोज टेबलागणिक वजन लिहायला लागले. सहा आठवड्यांनी दिसलं की शंभर किलो गरात सरासरी २२ किलो तुकडा आहे, पण चौथ्या टेबलावर तो १३ च्या वर जात नाही. तिथे बसणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी सूप पुढे ओढलं आणि बी पसरून दाखवली. फोडायच्या आधी त्या बारीक आणि मोठी बी वेगळी करायच्या, स्वतःच्या वेळात. "बारीक-मोटी एकत्र इली काय पातां गराक लागता," एवढंच म्हणाल्या. पात्यांमधलं अंतर एका आकाराला धरून लावलेलं असतं. आकार बदलला की पातं टरफलात थांबत नाही, गरात शिरतं.

बी आकाराने वेगळी करायची फिरती चाळण कारखान्यात होतीच. मोटर जळाल्यापासून कोपऱ्यात पडून होती आणि तिच्यावर रिकाम्या गोणी रचल्या होत्या. मालकांना वही दाखवली. आठवडाभर त्यांनी ऐकलं नाही, मग मोटर भरून आणली. तीन महिन्यांत तुकडा २२ वरून १४ वर आला. दिवसाला दोन क्विंटल गर निघायचा, म्हणजे रोजचे २,४०० रुपये वाचले.

खरं भांडण त्यानंतर झालं. इतकी वर्षं तुकड्यापायी बायकांची मजुरी कापली गेली होती आणि चूक त्यांची नव्हतीच, बंद चाळणीची होती. मी मालकांना सांगितलं, कपात बंद करा. ते चिडले, चार दिवस बोलले नाहीत. शेवटी कपात थांबली. मागचे पैसे मात्र मिळाले नाहीत, आणि त्याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्यांदा मुलाखत झाली, तेव्हा जवळजवळ सगळा वेळ या वहीवर गेला. बियांची खरेदी मार्च ते मे मध्येच का उरकावी लागते, वर्षभराचा पैसा त्यात कसा अडकतो, आफ्रिकेतून येणारी बी कधी घ्यावी लागते, हे सगळं विचारलं. आणि एका सरांनी विचारलं, "त्या बायकांचं पुढे काय झालं?" प्रवेश मिळाला. काका अजून त्याला नशीब म्हणतात. नशीब नव्हे काका, सहा आठवड्यांची वही होती.

आता तुझ्याबद्दल. सर्टिफिकेटांवर पैसे घालवू नकोस. एनजीओत जायचं तर एकाच ठिकाणी दोन-तीन वर्षं जा, नाहीतर जाऊच नको. तुझ्या प्रोजेक्टमध्ये कोपऱ्यात पडलेली चाळण कुठली आहे ते शोध आणि आज काय आकडा आहे तो तारखेसह लिहून ठेव. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. जीमॅट, म्हणजे एमबीएची एक प्रवेश परीक्षा, लवकर दे. गुण पाच वर्षं चालतात, आता तीनच विभाग आहेत, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. घरून ऑनलाइनही देता येते, पण आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी आंबोलीमार्गे रात्रीच्या एसटीने पुण्याला जाऊन दिली. आयआयएमच्या कॅट या प्रवेश परीक्षेचं तसं नाही, ते गुण त्या एकाच प्रवेशफेरीपुरते. शिवाय कॅटवरून बोलावताना बऱ्याच आयआयएम दहावी-बारावीचे गुणही धरतात आणि ते आता बदलणार नाहीत, त्यावर झोप घालवू नकोस. आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) मुख्य एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला पदवीनंतर किमान २४ महिन्यांचा अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या अनुभवी लोकांसाठीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला ४ वर्षांचा. तीन वर्षांनी कुठे बसशील ते आत्ताच मोजून ठेव.

एक सांगायचं राहिलं. मी नोकरी सोडली म्हणून तू सोडू नकोस. मला घरचं छप्पर आणि आईच्या हातचं जेवण होतं, म्हणून १४ हजारांत भागलं. तुझ्या पगारावर घर किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर पुण्यातच राहा, चाळण तिथेही सापडेल. आणि कारखाना चांगला होता म्हणून माझं जमलं असंही नाही. मालक हेकट होते, पण वही वाचणारे होते. न वाचणारा साहेब असेल तर वर्षभरात टीम बदलून घे.

शिफारसपत्र ज्याच्या हाताखाली काम केलं त्याच्याकडूनच घे, मोठ्या हुद्द्याच्या ओळखीच्या माणसाकडून नको. ते पत्र त्यांनीच भरायचं असतं, आपण लिहून द्यायचं नसतं. माझ्या मालकांनी मराठीत सांगितलं आणि त्यांच्या मुलीने इंग्रजीत टाइप केलं. त्यात त्यांनी चार दिवसांच्या अबोल्याचं स्वतःहून लिहिलं होतं, हे मला मुलाखतीत कळलं. तुझ्या साहेबांना वर्षभर आधी कल्पना देऊन ठेव. अप्रेझलच्या धावपळीत विचारू नकोस, आणि साहेब कोकणातले असतील तर गणपतीच्या आठवड्यात तर अजिबात नको.