वाचकांचे प्रश्न : औषधाच्या जोडीला ताट

प्रश्न : माझी भाची सॅन फ्रान्सिस्कोत एचआयव्हीबाधितांसाठी जेवण बनवणाऱ्या 'प्रोजेक्ट ओपन हँड' या संस्थेत भाज्या चिरायला जाते. आता प्रभावी औषधे असताना घरपोच जेवणाची गरज काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : १९८५ मध्ये रूथ ब्रिंकर या निवृत्त महिलेने सात एड्सग्रस्तांसाठी स्वयंपाक सुरू केला, तेव्हा परिणामकारक औषधे नव्हती आणि आजाराने खंगलेल्या माणसाला चुलीपुढे उभे राहण्याचेही त्राण नसे. त्यातूनच ही संस्था उभी राहिली. आज औषधांमुळे आयुष्य वाढले आहे, पण त्याबरोबर मधुमेह, हृदयविकार आणि म्हातारपणातले एकटेपणही आले आहे, म्हणून तिथे आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पथ्याचे जेवण दिले जाते. शिवाय घरभाडे आणि किराणा यांतून एकच निवडावे लागणारा माणूस गोळ्याही नियमित घेत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे कारण वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार लक्षणे नसलेल्या बाधित प्रौढालाही सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते आणि लक्षणे दिसू लागल्यावर ती गरज २० ते ३० टक्क्यांनी वाढते. म्हणजे आपल्याकडे एखादी जास्तीची भाकरी, वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे. (महागड्या प्रोटीन पावडरीचा आग्रह मात्र कुणी धरू नये.) डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरचे औषध सुरू असेल, तर लोह किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी त्यासोबत घेऊ नये, दोन्ही जेवणाबरोबर घेता येतात. वेळा एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातील समुपदेशकाकडून ठरवून घ्याव्यात.