लाइट गेली, एसएसएच तुटलं. सर्व्हरवर प्रोसेस मात्र चालूच

वाचकांचे प्रश्न : लिनक्स आणि सर्व्हर

प्रश्न : पुण्यातल्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून लॉगिन करायची सोय) जाऊन केळी व्यापाऱ्यांच्या हिशेबाची स्क्रिप्ट चालवतो. लोडशेडिंगला राउटर बंद पडला की टर्मिनल गोठतं. पुन्हा लॉगिन करून स्क्रिप्ट सुरू केली की डेटाबेस लॉक असल्याचा एरर. लॉगिन असलेल्यांची यादी देणाऱ्या डब्ल्यू कमांडला माझंच नाव दोनदा दिसतं. जुनी प्रोसेस (चालू प्रोग्राम) किल -9 ने, म्हणजे जबरदस्तीने, उडवू का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : -9 आत्ता नको. लॉक धरून बसलीय ती तुमची पहिली स्क्रिप्ट, आणि ती अजून काम करते आहे. राउटरची लाइट जाते तेव्हा "मी चाललो" असा निरोप सर्व्हरला जातच नाही. त्याच्या लेखी कनेक्शन जिवंत असतं. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारी सोय) पहिली चौकशी करतो ती 7200 सेकंदांनी, मग 75 सेकंदांच्या अंतराने 9 वेळा. म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास कोणी हलत नाही. स्क्रिप्ट स्क्रीनवर काही छापत असेल तर ते पॅकेट (डेटाचा तुकडा) पोहोचत नाही म्हणून साधारण पाव तासात किंवा थोडं उशिरा कनेक्शन तुटतं. गप्प चालणारी स्क्रिप्ट जास्त वेळ अडकते ती म्हणूनच.

आधी टीटीवाय कमांड देऊन स्वतःचं आत्ताचं टर्मिनल बघा; समजा पीटीएस/1 आलं. आता डब्ल्यूच्या यादीत दुसऱ्या, म्हणजे जुन्या टर्मिनलच्या, पीटीएस/0 समोरचा आयडल (किती वेळ काही टाइप झालं नाही) कॉलम वाचा. तिथे 1:42 च्या शेवटी एम असेल तर एक तास बेचाळीस मिनिटं, एम नसेल तर एक मिनिट बेचाळीस सेकंद. इथे घाई केली की चालू सेशनच मारलं जातं. मग पीएस -टी पीटीएस/0 देऊन त्या टर्मिनलवर काय चाललंय ते पाहा. हिशेब शेवटाला आला असेल तर होऊ द्या. थांबवायचाच असेल तर पीकिल -एचयूपी -टी पीटीएस/0. टर्मिनल खरंच बंद झाल्यावर मिळतो तोच हा सिग्नल. बॅश (कमांड घेणारा शेल) तो आपल्या जॉब्सनाही पुढे देतं. टर्म ("बंद हो" अशी सूचना) सिग्नल इंटरॅक्टिव्ह बॅश मनावर घेत नाही, म्हणून सुरुवात एचयूपीनेच करा. नोहपने (टर्मिनल गेलं तरी चालू राहावं म्हणून) चालवलेलं काम मात्र एचयूपीला दाद देणार नाही. दहा सेकंद थांबून पुन्हा बघा, उरलेल्याला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन टर्म पाठवा. -9 ने प्रोसेसला आवरायची संधीच मिळत नाही; अर्धवट फाइल आणि जुनी लॉक फाइल तशीच पडून राहते.

कायमचा इलाज सर्व्हरवर आहे. /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये क्लायंटअलाइव्हइंटरव्हल 60 आणि क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स 3 (दर 60 सेकंदांनी चौकशी, तीनदा उत्तर नाही तर तोड) ठेवायला अ‍ॅडमिनला सांगा. मूळ इंटरव्हल 0, म्हणजे चौकशी बंद. बदलल्यावर तीन मिनिटांच्या आसपास मेलेलं सेशन सुटतं. आधी एसएसएचडी -टी ने फाइल तपासून घ्या, मग सर्व्हिस रीलोड करा, आणि नवीन लॉगिन जमेपर्यंत हातातलं सेशन सोडू नका. बदल लागू होतो तो नव्या सेशनना.

पण मग तीन मिनिटांत तुमची स्क्रिप्टही मरणार! म्हणून लांब काम टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवर चालू राहणारं सेशन) चालवा: टीमक्स न्यू -एस हिशेब, आणि लाइट आल्यावर टीमक्स अटॅच -डी -टी हिशेब. हे काम टर्मिनलला बांधलेलं नसतं. लॉगआउटनंतर टीमक्सही गायब होत असेल तर लॉगइनडी.कॉन्फमधलं किलयूजरप्रोसेसेस (लॉगआउटला युजरच्या प्रोसेस मारणारी सेटिंग) तपासा. ते चालू असेल तर लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर करून टीमक्स सिस्टिमडी-रन --यूजर --स्कोपमधून सुरू करावं लागतं.

तुमच्याकडच्या गोठलेल्या खिडकीसाठी एंटर, मग टिल्डा, मग डॉट. खिडकी मोकळी होते, सर्व्हरवरचं जुनं सेशन तसंच राहतं.

प्रश्न : मी स्क्रिप्टमधून एसएसएच सर्व्हर कमांड असं एका ओळीत चालवतो. कंट्रोल-सी दाबलं तरी तिकडे काम चालूच. पीएसमध्ये टीटीवायच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं.
— एक वाचक, धुळे

उत्तर : कमांड सोबत दिली की एसएसएच तिकडे टर्मिनल उघडत नाही. टर्मिनल नाही तर एचयूपीही नाही. ते काम तुटलेल्या पाइपवर (तुमच्याकडे येणारी आउटपुटची वाट) काही लिहायला जाईल तेव्हाच पडेल. गप्प असेल तर चालत राहील. एसएसएच -टी (लहान टी) द्या. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) चालवत असाल तर इकडेही टर्मिनल नसतं, तिथे -टीटी लागेल. आणि कामाला टाइमआउट 30एम असं आवरण घातलं की अर्ध्या तासाला त्याला टर्म मिळतोच, कनेक्शन असो वा नसो. क्रॉनच्या कामाला आम्ही हेच सुचवू.

प्रश्न : किल -9 मारूनही प्रोसेस जात नाही.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : पीएसमधला स्टॅट कॉलम बघा. झेड असेल तर ती आधीच मेलेली आहे, पालक प्रोसेसने नोंद उचललेली नाही; पालक सुधारा किंवा बंद करा. डी असेल तर ती डिस्क किंवा एनएफएसची (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) वाट पाहत कर्नलमध्ये अडकली आहे. ती डिस्क किंवा माउंट परत आल्यावरच सुटेल, -9 दहा वेळा मारून नाही.